नऊ नंबरची तुतारी

अक्षर वाईट आहे, ऱ्हस्व-दीर्घही चुकलेलं असणार. चौथीनंतर शाळा सुटली. माफ करा. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पण चार माणसांत बोलायला गेले की माझा आवाजच फुटत नाही, म्हणून वहीत लिहिते.

उमरीला जयंतीच्या कार्यक्रमात आईवरचं हळू गाणं चालू होतं. मी कीबोर्डवर बासरी वाजवत होते. दुसरं कडवं सुरू झालं आणि बासरीची एकदम तुतारी झाली. पाहुणे स्टेजवर येतात तेव्हाची तुतारी! समोर डोळे पुसत बसलेल्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक गौतमभाऊ बाजूलाच उभे होते. म्हणाले, "कांताबाई, बोटं बघा की!"

बोटं पट्ट्यांवरच होती. बटणाला मी हातही लावला नव्हता.

कीबोर्डमध्ये शेकडो आवाज असतात. नावं इंग्रजीत, मला वाचायला वेळ लागतो. म्हणून मी कार्यक्रमाच्या क्रमानं आवाज साठवते आणि नंबर पाठ करते. एक सनई, दोन बासरी, असं. गाणं बदललं की पुढचं बटण. गायक ऐनवेळी गाणी उलटीपालटी करतात तेव्हा डोकं फिरतं, पण तेही निभावते. तुतारी नऊ नंबरला. दोनवरून नऊवर बोट चुकून जात नाही.

बिलोलीला पुन्हा तेच. या वेळी सनईच्या जागी टाळ्या. स्क्रीनवर सतरा. मी हातावर पेनानं सतरा लिहून ठेवलं.

भाऊंनी कीबोर्ड दुरुस्तीला दिला. दुकानदारानं धड वाजवूनही पाहिला नाही. "बटणं गेली," म्हणाला. नवी बटणं, बिल चोवीसशे. उमरी आणि बिलोलीचे माझे बाराशे-बाराशे त्यातच कापले. वरून भाऊ म्हणाले, "शिरूरला असं झालं तर मी दुसरा माणूस बसवतो." माझं घरभाडं याच कामातून निघतं. मी मान हलवली. मान हलवायची नव्हती.

शिरूर अनंतपाळला दुपारी साउंड चेक होता. विशाल ऑक्टापॅडवर. ऑक्टापॅड म्हणजे काठीनं वाजवायचे आठ पॅड, त्यांतून ढोलकी, ताशा काहीही निघतं. त्या आवाजांच्या एका संचाला किट म्हणतात. विशाल लातूरचा, उमरीपासूनच आमच्यात आलेला. त्यानं ताशाचं किट लावलं आणि माझी सनई गेली. टाळ्या! स्क्रीनवर सतरा. मी वाकून त्याच्या ऑक्टापॅडकडे पाहिलं. तिथंही सतरा.

"विशाल, नऊ नंबरला काय हाय तुझं?"

"हळू ढोलकी. का वो ताई?"

"लाव बरं."

मी दोन्ही हात मांडीवर ठेवले. त्यानं नऊ लावलं. माझ्या स्क्रीनवर नऊ आलं. पट्टी दाबली, तर तुतारी.

"माझ्या किटनं तुमचा आवाज बदलतो?" विशाल हसला. "वायर हाय का भानामती?"

वायर होती. विशालला एका पॅडवर माझ्या कीबोर्डमधला शंख हवा होता, म्हणून दोघांच्या मशिनींमध्ये मिडीची वायर टाकली होती. मिडीच्या वायरीतून आवाज जात नाही, हुकूम जातो. हुकमाचे सोळा रस्ते असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. शंख दोन नंबर चॅनेलवर होता, तो नीट चालत होता. पण विशालनं किट बदललं की त्या किटचा नंबर पहिल्या चॅनेलवरून माझ्या कीबोर्डला यायचा. मी हातानं वाजवते तो आवाजही त्याच चॅनेलवर होता.

एवढं बोलायला मला घाम फुटला. सगळे वाजवायचं थांबवून माझ्याकडेच बघून राहिले होते.

भाऊ म्हणाले, "मग आता?"

"विशालला ते नंबर पाठवणं बंद करू द्या. शंख ऱ्हाऊ द्या."

विशालनं मेनूतली नावं एकेक वाचली. 'प्रोग्रॅम चेंज', म्हणजे आवाजाचा नंबर बदलायचा हुकूम, आल्यावर मी म्हटलं, "हेच. बंद कर." मग त्यानं सगळी किटं फिरवली. बासरी हलली नाही. पॅडवर काठी मारली, शंख वाजला.

"वायर कुणी लावली व्हती?" भाऊंनी विचारलं.

"मीच."

"मग अर्धी चूक तुमची. बाराशे देतो."

आतापर्यंत अशा वेळी मी गप्प बसत आले. या वेळी म्हणाले, "भाऊ, चूक वायरीची. तुम्ही पैसे बटणांचे कापले. बटणं चांगली व्हती."

विशाल ऑक्टापॅडमागं तोंड लपवून हसत होता. भाऊ त्याच्यावर खेकसले, "तू काय दात काढतो? किट लाव!"

कार्यक्रम नीट झाला. आता नवी वायर जोडली की मी आधी हात मांडीवर ठेवते आणि समोरच्याला त्याची सगळी बटणं दाबायला लावते. आपल्या मशिनीत चूक शोधायच्या आधी शेजारचं मशीन बघावं, बघणं फुकट असतं.

भाऊंनी कापलेल्यातले बाराशे शिरूरलाच दिले. उरलेले बाराशे तीनदा मागावे लागले, तिसऱ्यांदा विशालसमोर. परवा मिळाले. चोवीसशे पूर्ण.