देवयानीच्या फोटोतली शेपटं

गेले दोन महिने हा धागा वाचतोय. सुरुवातीला हसण्यासाठी वाचत होतो, हे कबूल करतो. ऑफिसात कुणी पांढऱ्या साडीतली बाई सुरू केली की मीच पहिला म्हणायचो, "आधी चहा सांगा, मग भूत येऊ दे." आणि हा अनुभव ज्याच्यामुळे आला तो यशवंत तर माझ्याहून कट्टर. माणूस मेला की संपला, असं तो जेवतानासुद्धा बिनदिक्कत सांगायचा. त्यामुळे हे लिहायला पाच वर्षं लागली...

कोल्हापूर संपून गगनबावडा रोड सुरू होतो तिथे आमची गल्ली. तेव्हा पुढे सगळा ऊसच. मी सरकारी क्लार्क. यशवंत दोन घरं सोडून राहायचा, उद्यमनगरात लेथवर टर्नर होता. माझ्या डोक्यात आकाशाचं खूळ, त्याच्या हातात कसब. आम्ही दोघांनी मिळून आठ इंची दुर्बीण केली. आरसा मी घासला — सहा महिने. स्टँड, गिअर, सगळं लोखंडी काम त्याचं, वर्कशॉपच्या भंगारातून. दुर्बीण माझ्या परड्यात, लिंबाजवळ उभी असायची.

आम्हाला दीर्घिकांचे फोटो काढायचे होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो — दीर्घिका इतकी अंधुक असते की फिल्मवर उमटायला पाऊण-एक तास कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवावं लागतं. पण तेवढ्यात आकाश सरकतं. आमच्या दुर्बिणीला मोटर नव्हती. एकाने शेजारच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावून बसायचं, आतल्या दोन तारांच्या फुलीवर एक तारा धरायचा आणि तो हलेल तसा हाताने नॉब फिरवत राहायचं. चुकलं की सगळ्या ताऱ्यांच्या रेघा. आम्ही वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या लावायचो.

यशवंतचा नियम होता, "घर पेटलं तरी तारा सोडायचा न्हाय."

त्याच्या पाळीतल्या ताऱ्यांना मात्र एक बारीकसं शेपूट यायचं, नेहमी डावीकडे. लेथवर गिअरचा ढिलेपणा काढायला हात केसभर पुढे नेऊन मागे आणायची सवय, तीच नॉबवर. मी चिडायचो. तो म्हणायचा, "आरं, सही हाय ती माझी. ऱ्हाऊ दे की."

सत्त्याण्णवच्या नोव्हेंबरातली अमावास्या. देवयानी दीर्घिका डोक्यावर आली होती. बायको बाळंतपणाला शिरोळला माहेरी. यशवंत संध्याकाळी येऊन म्हणाला, "अंगात कणकण हाय रं, आज तू एकटाच बस." मी वैतागलो. महिनाभर या रात्रीची वाट बघायची आणि ऐनवेळी हा असा. साडेआठला शटर उघडलं, पंचेचाळीस मिनिटांचं एक्स्पोजर. घड्याळ दिसावं म्हणून लाल कागद लावलेली छोटी बत्ती तेवढी शेजारी पेटती.

तेहतीस मिनिटं झाली असतील, तेव्हा फाटकातून हाक आली. यशवंतची बायको, शालनवैनी.

"भावजी... ओ भावजी..."

बारा मिनिटं राहिली होती. वैनी बॅटरी घेऊन आत आल्या तर फिल्म वाया जाणार. काय असेल, जेवायला बोलवत असतील. मी डोळा काढला नाही. त्यांनी तीनदा हाक मारली, मग फाटकाची कडी वाजली आणि त्या गेल्या. इथे मी काहीही सारवासारव करणार नाही. तोंडाने "ओ" म्हणायला तारा हलत नाही. मी तेवढंही केलं नाही.

एक्स्पोजर संपलं. फाटकाशी जाऊन आलो, कुणी नव्हतं. जेवलो, झोपलो. छान झोप लागली, हेही सांगून टाकतो.

यशवंतच्या छातीत कळ आली होती. गल्लीत चारचाकी फक्त माझी, जुनी फियाट. वैनी तिच्यासाठी आल्या होत्या. मग त्या मेन रोडपर्यंत चालत गेल्या, रिक्षा मिळायला बराच वेळ लागला. पहाटे दवाखान्यात तो गेला. थोडं आधी पोचला असता तर वाचला असता का, हे विचारायची माझी हिंमत कधीच झाली नाही.

सकाळी वैनींना म्हणालो, "मला झोप लागली होती, वैनी. हाक ऐकूच आली नाही."

त्या म्हणाल्या, "असू दे."

तो रोल मी धुवून घेतला नाही. दुर्बिणीवर गोणपाट टाकलं. सात वर्षं वैनी मला भावजी म्हणत राहिल्या, त्यांच्या घरचं लोणचं आमच्याकडे येत राहिलं, आणि मी ते खात राहिलो.

दोन हजार चार साली एका कॉलेजने दुर्बीण विकत मागितली. देण्याआधी एकदा शेवटचा फोटो काढावा, असं वाटलं. पुन्हा नोव्हेंबर, पुन्हा देवयानी. बायको आणि मुलगी शिरोळला लग्नाला गेल्या होत्या. लोडशेडिंगमुळे अंधार गडद. बरोबर आठला शटर उघडून लॉक केलं आणि डोळा लावून बसलो. दहा मिनिटं झाली नसतील, तोच फाटकातून आवाज आला —

"ओ पावणं! कोण हाय का आत?"

मी उठलो. विचार केलाच नाही, स्टूल पाडून धावलो. उसाच्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर होता. त्याच्या जोडीदाराचा पाय ट्रॉलीच्या चाकाखाली गेला होता. त्याला गाडीत घातलं, दवाखान्यात नेलं. पाय वाचला. तो माणूस पुढे गुळाची ढेप घेऊन आला होता, म्हणजे ही माणसं खरीच होती.

फाटकाला कुलूप लावून गेलो होतो. परत आलो तेव्हा सव्वानऊ झाले होते. लाईट अजून आलेली नव्हती. शटर तसंच उघडं होतं. तेवढ्या वेळात आकाश हात लांब करून धरलेल्या वितीएवढं सरकतं. फोटो गेला होता, वाईट वाटलं नाही. बंद करण्यापूर्वी सहज डोळा लावला...

तारा फुलीवर होता. बरोब्बर मधोमध.

दुर्बिणीचं तोंड मी सोडलं होतं तिथे नव्हतं, आकाशाबरोबर पश्चिमेला वळलं होतं. आणि मी पाडलेलं स्टूल सरळ उभं होतं. मी शटर बंद केलं आणि घरात जाऊन सगळे दिवे लावले. लाईट नाहीये हे बटणं दाबल्यावर लक्षात आलं.

रोल धुवून आला. देवयानी इतकी स्वच्छ की आमच्या एकाही जुन्या फोटोत तशी नव्हती. भिंग लावून तारे पाहिले. प्रत्येक ताऱ्याला बारीकसं शेपूट. डावीकडे.

आठ दिवस तो फोटो कपाटात ठेवून मी घरात चिडचिड करत फिरलो. शेवटी वैनींकडे गेलो. आधी विचारलं, "मी त्या ट्रॅक्टरवाल्यांना दवाखान्यात नेलं, त्या रात्री तुम्ही परड्यात आला होता का?"

"मी कशाला ईन? मी कागलला लेकाकडं हुते की चार दिस."

मग सगळं सांगितलं. फोटोचं, आणि सात वर्षांपूर्वीचं. झोपलो नव्हतो, हाक ऐकली होती, बारा मिनिटांसाठी उठलो नाही. वैनींनी चष्मा लावून फोटो बराच वेळ पाहिला.

"मला ह्यातलं काय कळतंय..." त्या म्हणाल्या. मग फोटो मांडीवर पालथा ठेवला. "तुमी जागं हुता ते ठावं हाय मला. लाल बत्ती दिसत हुती की परड्यात."

त्यांनी फोटो पुन्हा सुलटा केला.

"रिक्षात बसताना मी म्हटलं, परत एकदा जाऊन हाक मारते. तर हे म्हणाले, नगं. फोटो चालू असंल त्येचा, हलंल."

दुर्बीण मी विकली नाही. फोटो वैनींकडे आहे. जाणकारांना निगेटिव्ह दाखवली. कुणी म्हणालं गिअर अडकला असेल, कुणी म्हणालं तुम्ही वेळ चुकीची सांगताय. अडकलेला गिअर तारा धरून ठेवत नाही, आणि मी घड्याळ बघितलं होतं. इथे कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, चेष्टा केलीत तरी चालेल. पण खरं सांगू? फोटोचं उत्तर नाही मिळालं तरी चालेल मला. त्या बारा मिनिटांत मी नुसतं "ओ" का म्हटलं नाही, हे मात्र अजून कुणाला समजावून सांगता येत नाही. वैनींनाही नाही. त्यांनी विचारलेलं नाही.