नव्या चुकीला गजक

आमच्या घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. यात लपवण्यासारखं काही नाही. आजोबा कामाला होते ती गिरणी बंद पडली, बाबा हजीरा चौकातून सवाऱ्यांचा टेम्पो चालवायचे, आई लोकांकडे पोळ्या करायची. राहायला एकच खोली. मी बासरी निवडली, कारण दुसरं कुठलं वाद्य त्या खोलीत मावलंच नसतं.

बासरी शिकवायची कुमुदमावशी. खासगी बाजार नावाच्या पेठेत तिचं साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं दुकान. मशीनमागे बासऱ्या, रिळांशेजारी गजकेचा, म्हणजे तीळ-गुळाच्या कुरकुरीत वड्यांचा, डबा. पहिल्याच दिवशी तिने कायदा सांगितला, "नवी चूक केलीस तर गजक तुला. जुनीच केलीस तर मी खाणार. तुझ्यासमोर, कुडुमकुडुम आवाज करून."

सुरुवातीला माझ्या बासरीतून नुसती हवा यायची. शेजारची भाभी भिंतीपलीकडून विचारायची, "क्यों री, अंगीठी नहीं जल रही?" तिला वाटायचं, मी शेगडी फुंकतेय. हे मावशीला सांगितलं, तर ती इतकी हसली की मशीन भलतीकडेच धावलं आणि कुणाच्या तरी साडीला वाकडा पिको झाला. "बघ, माझीही नवी चूक," म्हणत तिने स्वतःला गजक दिली.

मग तिच्याकडे शिकणाऱ्या आम्हा सगळ्या मुलींना चुकांचं वेडच लागलं. कुणी बासरी उलटी धरायची, कुणी फुंकताना शिंकायची. मावशी गंभीर चेहऱ्याने निकाल द्यायची, "शिंक मागच्या आठवड्यात झाली. कॅन्सल."

बारावीनंतर मला संगीताच्याच कॉलेजात जायचं होतं. प्रवेशाची परीक्षा तोंडावर आली आणि माझा वरचा सा रोज फाटायचा. बाबा म्हणाले, "बाळा, रहने दे. शिवण शीक." मावशीने वापरायला दिलेली बासरी मी परत द्यायला गेले.

"मावशी, मी सोडतेय."

"सोड ना, किसने रोका है? जाताना फक्त एक नवी चूक करून जा. डबा संपवायचाय."

मी वरचा सा लावला. फुंकर कमी पडली. "जुनी." जास्त झाली. "जुनी." बोट घसरलं. "ही तर तुझी लाडकी." मावशी खात होती आणि मी चिडत होते. झालेल्या सगळ्या चुका टाळत, एखादी न झालेली शोधत फुंकलं, तर सा लख्ख लागला. साडी न्यायला आलेली बाई दारातच थांबली.

मावशीने डब्याचं झाकण लावलं. "गजक कसली? चूक कुठंय यात?"

तिला चिडवायला मी तो सा पुन्हा लावला, मग पुन्हा. बासरी परत द्यायची राहूनच गेली; प्रवेशाच्या परीक्षेतही तीच वाजवली.

मावशी आता इंदूरला मुलाकडे असते. फोनवर "कशी आहेस" नाही विचारत. विचारते, "नवीन काय चुकलीस?" कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या निकालाच्या दिवशी सांगण्यासारखी चूक नव्हती, तर म्हणाली, "मग गजक तूच पाठव." बाबांनी त्या दिवशी टेम्पोत बसलेल्या प्रत्येकाला बातमी सांगितली, उतरणाऱ्यांना दोनदा.

बासरी हा विषय घेऊन मी बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर.