सहा खोडलेल्या ओळी

चूक माझी होती आणि ती लाल शाईत होती, म्हणून नाकारताही येत नाही. महादूच्या कवितेतल्या सहा ओळी मी खोडल्या. तो गेल्याचा निरोप आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला, तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होतो. हातात तेच लाल पेन होतं.

आम्ही दोघेही प्राथमिक शिक्षक, दोघेही चाळिशी ओलांडलेले. मराठीत एम. ए. करायला दर रविवारी जव्हारला यायचो. तो साखरशेतचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण तो बोलायचाच तसा. मी खोडाळ्याचा, पण बोलणं घासूनपुसून घेतलेलं. घरी भातशेती आहे, हे वर्गात कधी कळू दिलं नव्हतं.

कवितालेखनाच्या तासाला सोबत्याच्या कवितेवर कसं बोलायचं, याचा सरांनी नियम घालून दिला होता. आधी काय दिसलं ते सांगा, मग कळलं नाही ते विचारा, सूचना शेवटी. महादूची कविता भाताच्या आवणीवर, म्हणजे रोपांच्या लावणीवर होती. दर कडव्यानंतर एकच ओळ यायची, ‘वाक, लाव, मागं सर’. अशी सात वेळा. मी पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या आणि थेट पेन उचललं. ही ओळ एकदाच ठेवली तर कविता पुढे सरकेल, असं म्हणत उरलेल्या सहा खोडल्या.

महादू कान खाजवत म्हणाला, “मास्तर, आवनी करताना मानूस पुढं कवा गेला?”

दोघं-तिघं हसले. आता हे माझ्याकडे वळून बघतील, यालाही माहीत असेल म्हणतील, या भीतीनं मी ताडकन बोललो, “कविता म्हणजे खाचर नव्हे.” महादूनं मान हलवली. पुढच्या रविवारी त्यानं ओळ एकदाच ठेवून कविता वाचली. ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. चहाच्या टपरीवर तो म्हणाला, “शानी झाली माझी कविता.” त्यानंतर त्यानं एकही आणली नाही.

तो आजारी पडला तेव्हा माफी मागायची म्हणूनच दवाखान्यात गेलो. आवाज पार बसला होता. त्यानं विचारलं, “मास्तर, तुमच्या घरची आवनी झाली का?” म्हणजे त्याला पहिल्यापासून माहीत होतं... आणि भर वर्गात तो बोलला नव्हता. मी हो म्हणालो, परीक्षेच्या निकालाचं काहीबाही बोललो आणि पाच वाजताची जीप गाठली.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर साखरशेतला गेलो. वहिनींनी त्याची वही पुढं केली. त्यांना वाचता येत नाही. “लई जपायचा. काय लिवलंय यात, भाऊ?”

माझ्या प्रत्येक लाल रेघेशेजारी त्यानं तीच ओळ निळ्या शाईनं पुन्हा लिहून ठेवली होती. मी सगळी कविता वाचली, सातही ओळींसकट. तिसऱ्या खेपेपासून वहिनींचे ओठ माझ्याबरोबर हलू लागले.

“आमी असंच लावतो,” त्या म्हणाल्या. “मंग ही लाल रेघ कशाची?”

वही मिटावीशी वाटली. मिटली नाही.

“ती माझी आहे, वहिनी. माझी आयही अशीच मागं सरत आवणी करायची. मला सगळं माहीत होतं. लोकांत लाज वाटली म्हणून मी ती ओळ खोडली. मी चुकलो... मला माफ करा.”