जाड तारेवरचा सूर

माझा नवरा सुहास आठवडाभर गिटारवर एका प्रसिद्ध गाण्याची सुरुवातीची धून बसवत होता. सूर बरोबर लागत होते, तरी रेकॉर्डमधला तो दाट, किंचित घोगरा आवाज काही येत नव्हता. आज सकाळी मी गवार निवडत असताना त्यानं बोटं पातळ तारेवरून उचलली आणि गिटारच्या पोटाकडे सरकवून जाड तारेवर ठेवली.

“तेच सूर इथेही आहेत. रेकॉर्डमधला तो गिटारवादक इथे वाजवत असणार,” सुहास म्हणाला.

मनगट अवघडलं, करंगळी ताणली गेली आणि आवाज आला. अगदी तोच.

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. ज्याला आम्ही कधी पाहिलं नाही, त्यानं कुठल्याशा दूरच्या खोलीत हात असाच वाकवला होता. हाताचा तो बाक सुरात राहून गेला होता, आणि नुसत्या कानानं शोधत सुहास तिथवर पोचला होता. माझा ताप बघायला कपाळावर टेकणारा त्याचा हात मी इतकी वर्षं ओळखते. आता तो ओळखू येत नव्हता; जणू त्या दूरच्या माणसाचाच हात आमच्या घरी आला होता.

“जमलं का गं?” वाजवता वाजवताच त्यानं विचारलं.

मी नुसती मान हलवली. बोलले असते, तर कदाचित त्या पाहुण्यानं आपला हात काढून घेतला असता.