डीपीवरचा पहिला नंबर

मला राग आला की मी आधी गप बसते आणि मग एकदम सगळं बोलून टाकते. आई म्हणते, हा स्वभाव आण्णांचा. पण आण्णा, म्हणजे माझे वडील, नुसते गप बसतात, पुढचं बोलणं त्यांनी माझ्यावर सोडलंय. तर बोलते.

बेंबळीच्या रस्त्याला आमच्या शिवारात विजेचा एक डीपी आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्यावर आठ घरांच्या आठ मोटारी, काही भावकीच्या, काही बांधाला बांध असलेल्यांच्या. लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी, शेतापर्यंत हेलपाटा पडू नये, म्हणून प्रत्येकानं स्टार्टरला ऑटो लावलेला. एकानं लावला असता तर चाललं असतं. लावला आठांनी. मग लाईट आली रे आली की आठही मोटारी एकदम ओढ घेणार आणि डीपीचा फ्यूज फाटकन उडणार. हे काय कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना माहीत होतं. ऑटो काढा म्हणलं की प्रत्येकाचं उत्तर एकच, "म्या काढतो की, पर आधी त्येला काढाय लाव." वर्षानुवर्षं हेच चाललं होतं.

फ्यूज उडाला की वायरमनला फोन जायचा. वायरमनकडं गावं लई, तो बिचारा कुठं कुठं पुरणार! म्हणून फ्यूजची तार बांधायचे आण्णा. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. एकदा बांधली, तेव्हापासून ते त्यांचंच काम झालं. पासष्टी उलटलेला माणूस, पायाखाली वाळकी फळी टाकायचा आणि डीपीच्या पेटीत हात घालायचा. आधी हँडल ओढून लाईन तोडायची असते. पण आमच्या हँडलच्या तीन पात्यांपैकी एक पातं कधी सुटायचं, कधी चिकटून राहायचं, आणि हेही सगळ्यांना माहीत होतं. दोन वर्षांमागं ठिणगी उडाली, आण्णांचं मनगट भाजलं, तीन दिवस डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. मनगट बरं झालं आणि हे पुन्हा पेटीत हात घालायला हजर.

मी पुण्यातून फोनवर ओरडायची, "आण्णा, तुम्हाला काही झालं तर ही सात माणसं दहाव्याला जेवून जातील, बाकी काही करणार नाहीत."

ते म्हणायचे, "मग तार कुणी बांधायची, त्ये सांग."

तार बांधायची वेळच येऊ नये म्हणून मी डबे बनवायचं ठरवलं.

माझं पोटापाण्याचं काम कर्नलचं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. यंत्रात वीज आली की तो जागा होतो आणि बाकी सगळ्यांना कामाला लावतो. पण आपल्या हाताखाली कोणती चिप आहे, मेमरी किती, चिपच्या कुठल्या पायाला काय जोडलंय, हे त्याला ठाऊक पाहिजे. मोठ्या कॉम्प्युटरात बरंचसं त्याला विचारून घेता येतं. आमच्या छोट्या बोर्डांवर, मोबाईलात असते तसली एआरएम चिप असलेल्या, ती सोय नाही, सगळं माणसानं आधीच लिहून द्यावं लागतं. ऑफिसात एक प्रॉडक्ट बंद पडलं होतं, त्याचे बोर्ड भंगारात निघाले होते. साहेबांना विचारून त्यातले दहा मी उचलले. एका मोटारीला एक डबा, डब्यात एक बोर्ड आणि एक रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर मोटार चालू करणारा खटका. लाईट आली की बोर्ड जागा होणार, आपला नंबर येईपर्यंत थांबणार आणि मग मोटार सुरू करणार. दोन मोटारींत तीन मिनिटांचं अंतर. फ्यूज उडायचं कारणच उरणार नाही.

आता कुणी शहाणा म्हणेल, एवढ्यासाठी कर्नल कशाला, बाजारात साधा टायमर मिळतो. मिळतो की. पण भांडण तीन मिनिटांचं नव्हतं, पहिल्या नंबराचं होतं.

डीपीजवळच्या लिंबाखाली बैठक बसली. आमच्याकडं लाईट दर वीस-पंचवीस मिनिटांनी एकदा झटका देऊन जाते आणि परत येते. झटका बसला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे पहिल्या नंबराला पाणी हमखास, आठव्याची मोटार काही दिवस सुरूच व्हायची नाही. हे ध्यानात आलं आणि दोन तास नुसता कालवा, आरडाओरडा. ज्यांना बापाचं श्राद्ध कधी असतं ते आठवत नाही, त्यांना आजोबांच्या विहिरीवर कुणाचा मान पहिला होता ते आठवायला लागलं. शेवटी मी म्हणलं, आपल्या सामाईक विहिरीवर जसे नंबर फिरतात तसेच डब्यांत फिरवते. आज पहिला तो उद्या शेवटचा. हे मात्र सगळ्यांना पटलं. विहिरीचा कायदा सात पिढ्यांचा, त्याला कोण नाही म्हणणार?

नंबर रोज फिरवायचा तर डब्याला तारीख कळायला पाहिजे. त्यासाठी प्रत्येक बोर्डाला मी घड्याळाची बारकी चिप जोडली, तिला बटणाएवढा सेल. लाईट गेली तरी तारीख चालू राहते. मग कर्नल जुळवायला बसले. बोर्डावरच्या मुख्य चिपच्या घराण्यासाठी, गाभ्यात काय काय घ्यायचं याची एक तयार यादी मिळते, शंभर तऱ्हेच्या बोर्डांवर चालेल अशी. आमच्या बोर्डावर जागा मूठभर. म्हणून एकेक काढत गेले. आवाज नको, कॅमेरा नको, पडदा नको. हजारो ओळी, प्रत्येकीपुढं तीनच उत्तरं. हो, नाही, किंवा तिसरं, म्हणजे गाभ्यात घालायचं नाही, बाजूला वेगळी फाईल करून ठेवायची, लागेल तेव्हा आणायची. त्या तयार यादीत माझ्या घड्याळाच्या चिपपुढं हे तिसरं उत्तर होतं. मी ते तसंच राहू दिलं. आणि शेवटी जागा पुरेना म्हणून बाजूच्या सगळ्या फाईली काढून टाकल्या.

पुण्यात टेबलावर आठ दिवस चाचणी घेतली. नंबर रोज बरोबर फिरत होता. फिरणारच! टेबलावर बोर्डाला नेटची केबल होती, तारीख तो नेटवरून घेत होता. शेतात कुठली केबल? आणि घड्याळ वाचायची फाईल तर मीच काढून टाकली होती. ज्या चुकीवरून मी ऑफिसात नव्या पोरांना फाडून खाते, ती चूक मी माझ्या बापाच्या जिवावर केली. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

डबे बसवले. यादीत पहिलं नाव आमचं होतं, कारण पहिली जोडणी आमच्याच मोटारीवर केली होती. दुसरं काहीही कारण नव्हतं. लाईट आली, आमची मोटार सुरू झाली, तीन मिनिटांनी शेजारची, मग त्याच्या पलीकडची. फ्यूज जागेवर. सगळे खूश. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. काका म्हणजे आण्णांचे चुलतभाऊ, यादीत शेवटचे. मी पुण्याला गेले.

तीन आठवड्यांनी सुट्टीला आले, तर काका सकाळीच दारात. चहा घेतला, कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, डबा लई हुशार केलास बग तू."

मी म्हणलं, "का हो काका, काय झालं?"

"काय न्हाय. वाढणारा घरचा आसला की पंगतीत कुठंबी बसलं तरी चालतंय, म्हणत्यात. हितं तर तुमी बसलायबी पयल्याच पाटावर. वीस दिस झालं, रोज पयली मोटार तुमचीच. आन् माजा कांदा वाळून चाललाय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणलं, असं होऊच शकत नाही. लॅपटॉप घेऊन तरातरा शेतात गेले, आमचा डबा उघडला, लॅपटॉपच्या विजेवर जागा केला आणि तारीख विचारली. डबा म्हणाला, एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. ज्याला घड्याळ सापडत नाही असा कर्नल तिथूनच मोजायला लागतो. दुसरा डबा उघडला, तिथंही तेच. लाईट जायची, यायची, आणि आठही डब्यांसाठी पुन्हा तोच दिवस उजाडायचा. त्या दिवशी पहिला नंबर आमचा.

दुरुस्ती म्हणाल तर यादीतली एक ओळ. घड्याळाच्या चिपपुढं 'हो' लिहून ती गाभ्यात घेतली, कर्नल पुन्हा तयार केला. तास-दीड तासाचं काम. पण मी ओट्यावर ते करत बसले, तोवर तिकडं सातही जणांनी डबे उपटून काढले आणि जुने ऑटो परत लावले. दहा वाजता लाईट आली, फाटकन आवाज झाला आणि फ्यूज गेला. मी मान वर करेपर्यंत आण्णांची चप्पल दारात नव्हती.

पळत गेले. आण्णा फळीवर उभे, हात पेटीत. बाजूला सातजण हाताची घडी घालून उभे. मी लांबूनच ओरडले, "आण्णा, हात काढा!" तेवढ्यात निळी ठिणगी उडाली आणि ते मागं फेकल्यासारखे खाली बसले. मी जवळ गेले. हातावरचे केस जळाल्याचा वास येत होता. बोटं हलत होती. "काय न्हाय झालं, काय न्हाय," असं म्हणत ते माझ्याकडं बघतच नव्हते.

मग मी सुटले. काय बोलले ते सगळं इथं लिहिण्यासारखं नाही. लाज वाटत नाही का तुम्हाला, म्हणलं. एक म्हातारा माणूस जळताना बघत उभे राहता, आणि चार दिवस पाणी मागं-पुढं झालं तर डबे उपटता? हो, चूक झाली. माझी झाली. घड्याळ जोडलं आणि ते वाचायचंच राहिलं. आत्ता दुरुस्त करून आणलंय, या, बघा. लॅपटॉप उघडून मी प्रत्येकापुढं धरला. आजची तारीख, उद्याचा नंबर, परवाचा नंबर. कुणी वाकूनसुद्धा बघितलं नाही.

काका शांतपणे म्हणाले, "पोरी, चूक आसती तर एकांद्या दिशी आमच्या बाजूनंबी झाली आसती की."

चूक खरीच आमच्या बाजूनं झाली होती. पहिलं नाव यादीत कुणाचं तरी असणारच होतं, ते आमचं निघालं.

आण्णा खाली बसूनच म्हणाले, "आमचा नंबर शेवटचा. रोज. फिरवाय-बिरवायचं कायबी नको. तुमचे सात तुमी ठरवा, आन् डबे परत लावा."

सगळ्यांना लगेच पटलं. दोन तासांचा कालवा नाही, आजोबांचा मान नाही, काही नाही. पाच मिनिटांत सात नंबर ठरले, चिठ्ठ्या टाकून. आम्ही शेवटी म्हणल्यावर उरलेल्यांना आपला कुठलाही नंबर चालत होता.

घरी आल्यावर मी आण्णांशी भांडले. "अहो, आता बरोबर चालतंय. विहिरीसारखं रोज फिरेल. आपण का मरायचं शेवटी?"

"बरोबर चालतंय त्ये तुला दिसतंय, माय. त्यास्नी काय दिसतंय? त्यास्नी मोटार दिसती. आपली आधी चालली की तुजं सगळं शिक्षान खोटं."

"म्हणून खोट्यापुढं मान तुकवायची?"

ते म्हणाले, "मला तार बांधाय जायचं न्हाय, आसंच म्हणत होतीस न्हवं?"

आई म्हणाली, दोघंही जेवा आधी. मी जेवले नाही. रागारागात बसून नंबर फिरवायचा सगळा भाग खोडून टाकला आणि आठ ठरलेले आकडे लिहिले. कर्नल मात्र तोच ठेवला, घड्याळ वाचणारा. आता आठही डब्यांना आजची तारीख बिनचूक माहीत असते आणि ती त्यांना कुणीही विचारत नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. फ्यूज दोनदाच गेला आणि दोन्ही वेळा वायरमनची वाट बघितली. आण्णांनी पेटीला हात लावला नाही. मला हवं होतं ते झालं. पण आमच्या मोटारीचा नंबर एकविसाव्या मिनिटाला येतो आणि झटका कधी विसाव्यालाच बसतो. यंदा खालच्या तुकड्यातला अर्धा कांदा गेला. माझ्या लॅपटॉपवरून एक आकडा बदलायला दोन मिनिटं लागतात, आणि दर वेळी घरी आले की माझी बोटं वळवळतात. आण्णांना ते कळतं. ते एवढंच म्हणतात, "हात लावू नको."

परवा मी आणि आण्णा मोटारीपाशी बसलो होतो. लाईट आली. एकेक करत सात मोटारी लागल्या. आता आमचीच राहिली म्हणून आण्णा उठून पाटाकडं निघाले आणि लाईट गेली. परत आली तेव्हा मोजणी पुन्हा पहिल्यापासून. काका बांधावरून येत होते, यंदा त्यांचा नंबर दुसरा. त्यांच्या सरीत पाणी भरून वाहत होतं. माझ्याजवळ थांबले आणि अगदी मनापासून, कौतुकानं म्हणाले, "आता कसा, पोरी, डबा येकदम बरोबर झाला बग!"

मी तोंड उघडलं होतं. आण्णांनी पाटावरूनच माझ्याकडं बघितलं, आणि मी गप बसले.