शालनताईंच्या हातची ओटी

"मूल नाही? देवाची इच्छा!" असं कुणी हळहळलं की शालनताई लगेच दुरुस्ती करत, "देवाची नाय, किरणांची." गणिताच्या बाई त्या, चुकीचं उत्तर फळ्यावर राहू देणं त्यांना जमत नसे.

पोलादपूरच्या शाळेत त्या आणि मी शेजारच्या वर्गांवर शिकवत होतो. लहानपणी त्यांच्या मूत्रपिंडात कर्करोगाची गाठ झाली होती. मुंबईला पोटावर किरणोपचार झाले. मुलगी वाचली, अंडाशय निकामी झाले. लग्न ठरताना वडिलांनी हे सगळं मोकळेपणाने सांगितलं. सासरे गावातल्या प्रत्येक मंडळाचे अध्यक्ष. घसा खाकरून म्हणाले, "आम्हाला सून हवी, मुलांचा कारखाना नको." टाळ्यांची सवय असल्यामुळे क्षणभर थांबलेही.

पुढे लोक नातवंडाचं विचारू लागले, तेव्हा तेच अध्यक्ष गावभर सांगू लागले, "फसवलं हो आम्हाला!" महाडच्या भर बाजारात त्यांनी शालनताईंच्या वडिलांना लबाड म्हटलं. तो शिक्का घेऊनच वडील गेले. घरात कुणाची ओटी भरायची असली की सासूबाई शालनताईंना स्वयंपाकघरात धाडत, "तुजा हात नको गो." नवरा पेपर वाचत असे. "विसरायचं काम मी दुसऱ्यांवर सोपवलंय," शालनताई मला म्हणत.

मग सासूबाईंनाच गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. मुंबई, किरणोपचार, आणि सोबतीला शालनताई. निघायच्या दिवशी अंगणात बायका जमल्या. ओटी भरल्याशिवाय सासूबाई गाडीत बसेनात. त्यांनी शेजारणीचं ताट बाजूला सारलं. "शालन, तूच भर गो. तू वाचलीस त्यातून."

शालनताईंनी नारळ उचलला आणि हातातच धरून ठेवला. "भरते. पण आधी बाबा सांगू देत," सासऱ्यांकडे बघत त्या म्हणाल्या, "माझ्या वडलांनी लग्नाआधी काय सांगितलं होतं ते."

"ही काय वेळ हाय?" अध्यक्ष ओरडले. भाषणातली भाषा कुठल्या कुठे पळाली.

"मग मी शाळेत जाते. पहिला तास माझाच हाय."

"अवो, बोला ना!" सासूबाई रडू लागल्या.

"सांगितलं होतं त्यांनी. सगळं," अध्यक्ष पुटपुटले.

"मागं ऐकू येत नाय," शालनताई म्हणाल्या.

"सांगितलं होतं! आम्हीच खोटं बोललो!"

अध्यक्षांचं हे सर्वांत छोटं भाषण. टाळ्या झाल्या नाहीत. शालनताईंनी नारळ सासूच्या पदरात घातला आणि गाडीत जाऊन बसल्या.

सासूबाई बऱ्या झाल्या. शालनताईंनी महाडला बदली मागून घेतली. नवऱ्याला विचारलं नाही. निरोपाच्या दिवशी मी विचारलं, "ते बोलले नसते तर खरंच मुंबईला गेला नसतात?"

"गेले असते की," हातावरचा खडू झटकत त्या म्हणाल्या. "पण त्यांना सांगू नका. कुणाच्या हातात जीव ठेवला होता, ते आठवून जन्मभर घाम फुटू दे."

मी अजून सांगितलेलं नाही.