बातमीच्या कपाळावर टिकली

लग्नघराच्या दारात चपला साठतात ना, तसे आमचे किस्से साठलेत. कुठला कधीचा, शोधत बसायला लागतं. सापडतील तेवढे सांगतो. मध्ये कोणी बोलायचं नाही!

माझी सून मनीषा कॉम्प्युटर शिकलेली. तिने ब्राउजरला जोडायचं एक एक्स्टेंशन बनवलंय. ते जोडलं की बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरच्या बातमीच्या मथळ्याशेजारी टिकली दिसते. हिरवी म्हणजे खरी, लाल म्हणजे खोटी, पिवळी म्हणजे अजून कोणी बघून आलेलं नाही. टिकली दाबली की आमचा शेरा.

नियम मात्र माझे. घरी बसून टिकली लावायची नाही. दोघांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. आणि बातमी आपल्याच माणसाची असेल तर घरच्यांनी हात लावायचा नाही.

इथला एक पोर्टलवाला गावभर बोलत फिरतो, "सासरा-सून घरात बसून टिकल्या लावतात!" एकदा जरी तसं सापडलं, तर पोरीची सगळी मेहनत पाण्यात. म्हणून नियम म्हणजे नियम.

*

उल्हासनगरला आमचा माणूस लछूशेठ. कॅम्प दोनला मोबाईल कव्हरचं दुकान. एकदा बातमी आली, "कॅम्प दोनमधला नाल्यावरचा पूल कोसळला!" मनीषाने फोन लावला.

"शेठ, जाऊन बघता का जरा?"

"बेटी, मी पुलावरच उभा आहे. पूल पडला असेल तर मग मी कुठे आहे?"

"एकट्याचं चालत नाही शेठ. दुसरा माणूस पाहिजे."

शेठने पुलावरून जाणारा पाणीपुरीवाला गाडीसकट अडवला आणि फोन त्याच्या तोंडाशी धरला. "बोल भाई, पूल है के नहीं?"

"पूल तो है, सेठ. तुम हटो, पीछे ट्राफिक हो गया!"

लाल!

*

मग बदलापूरचं शिरगाव. "भव्य उद्यानाचे लोकार्पण." मी आणि शेठ गेलो. पाटी होती, कापलेली फीत होती. बाकी सगळं रान, आणि त्यात एक बकरी.

एक कार्यकर्ता धावत आला. "काका, काम होणारच आहे. हिरवी लावून टाका ना!"

म्हटलं, "तुझं लग्न झालं का रे?"

"नाही अजून. होणार आहे."

"मग बारशाच्या पत्रिका आताच छापू का?"

*

बारवी धरणाकडच्या पाड्यावरची कमळी बदलापूर स्टेशनबाहेर भाजी विकते. तिकडच्या बातम्या तीच बघून येते. तोंडाने माझ्याहून फटकळ, त्यामुळे आमचं जमतं.

एक दिवस त्या पोर्टलवाल्याची बातमी, "पाड्यावर नळ आला, महिलांच्या चेहऱ्यावर हसू!" फोटोत नळाखाली हंडा धरून हसतेय कोण? आमची कमळी! म्हणजे तिला टिकली लावता येत नाही. मी आणि शेठ गेलो पाड्यावर. नळ होता, नवाकोरा. फिरवला. ठणठणीत कोरडा.

"मग हसलीस कशाला गं?"

"फोटोवाला बोलला हस, म्हून मी हसले. नळाला काय बोलला नाय तो!"

यावर आमचं भांडण. शेठ म्हणे नळ आहे, हिरवी लावा. मी म्हणे लाल. शेवटी मनीषाने अर्धी हिरवी, अर्धी लाल टिकली बनवली. शेरा लिहिला, "नळ आला. पाणी आलेलं नाही." दुसऱ्या दिवशी पोर्टलवाल्याने गुपचूप मथळा बदलला.

मी चौथी नापास. पण अशी सून कोणाकडे असेल तर आणून दाखवा!

*

आणि हा परवाचा. सकाळी बदलापुरात, बेलवलीच्या घरी चहा पीत होतो. मनीषाच्या फोनवर माझ्या बहिणीचं रडणं. "दादा गेला गं मनीषा!" त्याच पोर्टलवर माझ्या निधनाची बातमी! अंबरनाथला माझ्या नावाचा कोणीतरी गेला, आणि यांनी फोटो माझा छापला.

मी ओरडलो, "लाव लाल!"

मनीषा जागची हलली नाही. "आबा, मी घरची. मला नाही लावता येणार."

"अगं, मी तुझ्यासमोर बसलोय!"

"तुम्ही तर त्याहून घरचे. तो पोर्टलवाला टपून बसलाय आबा. आज मी टिकली लावली, की उद्यापासून आपलं कोण ऐकणार?"

सख्खा सासरा, आणि पिवळा! वर तिने माझा चहा गरम करून दिला. एका घोटाला तिच्यावर ओरडलो, दुसऱ्या घोटाला शाबासकी दिली.

तोवर भाऊबंद हार घेऊन दारात. "आता आणलाय तर घाला," म्हणालो, "पण रडायचं नाही!" मग शेठ दुकान बंद करून आला. कमळी भाजीची पाटी डोक्यावर घेऊनच आली. दोघांनी मला पुढून बघितलं, मागून बघितलं. शेठने चिमटा काढला. मी त्याच्या सात पिढ्या काढल्या.

मग कमळीने सांगितलं आणि शेठने टाइप केलं. लाल टिकली, खाली शेरा:

"जाऊन बघितला. म्हातारा जिता हाय. शिव्या देतो."